कोण चाललंय गावाला?

आमच्या मस्कतजवळच्या माबेल्याच्या घरात जून आला हे कॅलेंडरला विचारावं लागत नाही. हॉलमध्ये बॅगा आ वासून पडतात. सून त्यांच्यासमोर मांडी घालून बसते आणि मुलगा हुकाचा काटा लावून एकेक बॅग उचलतो. "साडेएकतीस. दीड किलो काढ." मग बदाम निघतात, चॉकलेटं आत जातात, शाम्पू निघतो, आणि कोणाचं लक्ष नसताना बदाम पुन्हा आत जातात. गावाकडे ऋतू आभाळाकडे बघून ओळखतात. आखातातल्या मराठी माणसाचा ऋतू वजनकाट्यावर येतो.

मी मात्र जात नाही. सगळे इथून पळत सुटतात तेव्हा मी इथे मुक्काम ठोकते. कोणी विचारलं तर सांगते, मुलाच्या जेवणाचे हाल होतात. खरं कारण असं की सून गेली की टीव्हीचा रिमोट आणि लोणच्याची बरणी या दोन्हींवर माझं राज्य असतं. शिवाय या उन्हात माझे गुडघे दुखत नाहीत. गॅलरीत पाच मिनिटं उभं राहायचं, की झाला शेक.

यंदा नात बॅग भरता भरता मधेच थांबून म्हणाली, "आजी, बाबा सांगतात तू वेबसाइट बनवायची. तू कोडर होतीस?"

"होते," मी म्हटलं.

"कुठल्या लँग्वेजमध्ये?"

"पर्ल."

मी बैलगाडी म्हटल्यासारखी ती हसली. "पर्ल! आजी, ते तर डायनासोर आहे."

मी तिच्या बॅगेतले मोजे घडी करत बसले. पण त्या दिवसापासून ती चाळिशीची बाई माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. केस बॉयकट, गॉगल डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त, आणि मस्कतच्या रुवी भागातल्या रस्त्याने चालताना छातीशी एक जाडजूड संगणकाचं पुस्तक, नाव बाहेरच्या बाजूला. लोकांना वाचता यावं म्हणून. ती बाई म्हणजे मी. आज समोर भेटली तर आधी तिचा गॉगल काढून घेईन.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आम्ही रुवीजवळच, हमरियात राहायचो, एका शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली शिलाईची मशीनं घरघरायची, वर आमचा मोडेम किंचाळायचा. आमचे हे एसी दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन. मी रुवीतल्या एका ट्रेडिंग कंपनीत टायपिस्ट. एके दिवशी आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, वेबसाइट हवी झाली. त्याने ऑफिसभर नजर फिरवली आणि माझ्यावर बोट ठेवलं. "यू बी.एस्सी. मॅथ. यू डू." एवढ्या मुलाखतीवर मी वेब डेव्हलपर झाले.

त्या काळी वेबच्या पानावर कोणी फॉर्म भरला, की पलीकडे दूर कुठेतरी सर्वरवर एक छोटा प्रोग्राम जागा व्हायचा. भरलेला मजकूर घ्यायचा, फाइलमध्ये लिहायचा, नवं पान तयार करून परत पाठवायचा. हे काम बहुतेक ठिकाणी पर्लमध्ये लिहिलेलं असायचं. दिसायला ही भाषा म्हणजे डॉलरची चिन्हं, टक्केवारीची चिन्हं, महिरपी कंस, तिरक्या रेघा. ह्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावरून पाहिलं तेव्हा म्हणाले, "अगं, किराणाच्या यादीवर मुंग्या चढल्यात." आणि तिचं बोधचिन्ह उंट आहे हे कळल्यावर तर त्यांना खूपच आनंद झाला. सीबच्या वाटेवर उंट दिसला की गाडीचा वेग कमी करून म्हणायचे, "नमस्कार कर, तुझे सर आलेत."

पण मला ती भाषा आवडली. का आवडली ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. एकच काम दहा तऱ्हांनी करता यायचं आणि कोणतीही तऱ्हा केली तरी भाषा रुसायची नाही. आयुष्यभर मला सगळ्यांनी एकच तऱ्हा शिकवली होती. पदर असा घे, चहा असा टाक, सासूबाईंशी असं बोल. चाळिशीत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, बाई, तुला जमेल तसं कर, नंतर आपण बघू.

"नंतर बघू" म्हणणारी माणसं होती ती. त्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पत्र टाकलं की जगभर पसरलेल्या सगळ्यांच्या पेटीत पडायचं. कोणी अडलं की पाच जण पाच उत्तरं द्यायचे. मग त्यातलाच एक म्हणायचा, मी हे चार ओळींत केलं. दुसरा, मी दोन ओळींत. तिसरा एका ओळीत करायचा आणि ती ओळ इतकी गिचमिड असायची की चौथा तिचा अर्थ लावत बसायचा, आणि लागला की म्हणायचा, वा. एवढंच बक्षीस. एखाद्याने उपयोगाचं काही लिहिलं की सगळ्यांसाठी एका मोठ्या कोठारात ठेवून द्यायचं, बरोबर ते कसं वापरायचं याची माहिती. आणि मग तिऱ्हाईत माणसं ते आपापल्या मशीनवर चालवून बघायची आणि लेखकाला कळवायची, की बाबा रे, माझ्याकडे चाललं, माझ्याकडे नाही चाललं. कोणी सांगितलं होतं त्यांना? कोणीच नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकात मीठ बरोबर आहे का हे बघायला उन्हातान्हातून जाणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

अर्थात हे कौतुक आत्ताचं. तेव्हाची ती गॉगलवाली बाई लिस्टवर नुसती वाचायची. विचारायची नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही हे जगाला कळेल ना! त्या कोठारात फॉर्म वाचण्याचं तयार काम पडलेलं होतं, शेकडो लोकांनी तपासलेलं. ते तिने घेतलं नाही. स्वतःच्या हाताने लिहिलं. मसाला घरीच कुटायचा, असा बाणा. आणि प्रोग्रामच्या डोक्यावर दोन शब्द लिहायची त्या लोकांची रीत होती, ते लिहिले की भाषा तुमच्या प्रत्येक ढिलाईवर ओरडते. मी ते लिहून पाहिले. भाषा ओरडली, अकरा वेळा. मी चुका काढल्या नाहीत, ते दोन शब्द काढले. घर एकदम शांत झालं.

तर या घरच्या मसाल्यात मी काय शिजवलं ते सांगते.

हमरियात आमच्या घराखाली, शिंप्याच्या दुकानाला लागूनच, इब्राहिमभाईंचं किराणा दुकान होतं. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. पांढरी टोपी, कानाच्या पाळीवर केस, आणि कोणालाही जिन्नस देण्याआधी "गाव खंयचा?" हा प्रश्न. त्यांच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर चहाच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा टांगलेला असायचा. गावी जाणाऱ्याने त्यावर नाव लिहायचं, कोणत्या तारखेला, कोणत्या गावाला, बॅगेत किती किलो जागा. ज्यांना काही पाठवायचं असेल ते येऊन बघायचे. कोणाच्या आईचं ब्लडप्रेशरचं औषध, कोणाच्या बायकोला घड्याळ, कोणाच्या पोराला बूट, आणि परतताना तिकडून कोकम, कुळथाचं पीठ, चष्म्याच्या नव्या काचा. अनोळखी माणसाच्या बॅगेतून अनोळखी माणसाचं सामान. कोणी कोणाला पावती मागत नसे. त्या पुठ्ठ्यावर अख्खं कोकण ये-जा करायचं.

आणि माझ्या पोटात दुखलं. एवढी छान माहिती, आणि पुठ्ठ्यावर!

मी वेबवर पान केलं. "कोण चाललंय गावाला?" फॉर्म भरा, यादीत नाव येईल. ऑफिसात नेट असणारे स्वतः भरायचे, दुकानात येणाऱ्यांनी चिठ्ठी लिहून ठेवायची, मी ती भरायची, आणि रोज संध्याकाळी ताज्या यादीची छापील प्रत दुकानात आणून द्यायची. महिनाभर झकास चाललं. दुसऱ्या महिन्यात मी इब्राहिमभाईंना म्हटलं, "आता तो पुठ्ठा काढा हो. दोन दोन याद्या कशाला?"

"राहू दे की, वहिनी. खायला मागतो काय तो?"

"लोक गोंधळतात. कॉम्प्युटर चुकत नाही."

हे वाक्य आठवलं की मी आजही भर उन्हात गार पडते. कॉम्प्युटर चुकत नाही! इब्राहिमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि पुठ्ठा काढून त्याच्यावर अंड्यांचे ट्रे ठेवले.

मग तो जून आला. इंडियन स्कूलचे बारावीचे निकाल लागले आणि हमरियातली निम्मी घरं एका आठवड्यात रिकामी व्हायला लागली. इब्राहिमभाईंची मुलगी नाझनीन चांगल्या मार्कांनी पास झाली. ती परीक्षा संपताच आईबरोबर रत्नागिरीला गेली होती, तिथल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव लावायला. कॉलेजने सांगितलं, येत्या सोमवारी दुपारपर्यंत ओरिजिनल मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवा, नाहीतर जागा पुढच्याला. आणि ओरिजिनल शाळेने इब्राहिमभाईंच्या हातात दिले मंगळवारी, इथे, मस्कतमध्ये. त्या घरातली मुलगी पहिल्यांदाच बारावीच्या पुढे चालली होती. तिच्या चुलत्यांचं म्हणणं आधीपासून होतं, एवढं शिकवून काय करायचं. जागा गेली असती तर कोणी दुसऱ्या वर्षाची वाट बघितली नसती.

"काळजी नाय," इब्राहिमभाई मंगळवारी मला म्हणाले. "तुमच्या यादीत शुक्रवारचा माणूस हाय ना? देवरूखचा? मी बघितला होता. त्याच्याच हाती देतो. उद्या त्याचा फोन नंबर काढून द्या."

"देते की," गॉगल म्हणाला.

बुधवारी दुपारी यादी उघडली. यादीत एक ओळ होती. कोणीतरी पनवेलचा, जुलैमध्ये जाणार. बाकी सगळं साफ.

मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा एक ओळ. सर्वरवरची फाइल उघडली. तिच्यातही एकच. आदल्या दिवशीची छापील प्रत? ती नव्हतीच, मंगळवारी ऑफिसचा प्रिंटर रुसला होता. आणि सोमवारच्या प्रतीवर देवरूखचं नाव असेल म्हणून दुकानात धावले, तर त्या कागदात इब्राहिमभाईंनी सकाळीच कोणाला तरी जिरं बांधून दिलं होतं. चिठ्ठ्या मी दर आठवड्याला फाडून टाकत असे. नीटनेटकी बाई!

"काय झाला?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"सर्वरने खाल्ली," मी म्हटलं. "तिकडे अमेरिकेत काहीतरी बिघाड."

"मग तो देवरूखवाला कोण? नाव काय त्याचा?"

आठवेना. स आहे नावात एवढं आठवत होतं. कोकणात स नसलेलं आडनाव शोधावं लागतं.

त्यांनी कुरियरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, चार दिवसांत पोचेल, इन्शाल्ला. इब्राहिमभाईंनी फोन ठेवला. स्वतः जायचं तर जूनमध्ये मुंबईचं तिकीट मिळत नव्हतं, आणि पासपोर्ट त्यांच्या ओमानी अर्बाबच्या कपाटात. त्यांनी मार्कशीटची प्लास्टिकची पिशवी उचलून आतला कागद पुन्हा एकदा बाहेरूनच वाचला आणि पिशवी गल्ल्यात ठेवली. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

इथे दुपारी एक ते चार सगळी दुकानं बंद असतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, भिंतीसुद्धा डोळे मिटून घेतात. त्या दुपारी मी मोडेम लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा लिस्टवर पत्र टाकलं. माझं इंग्रजी तहसीलदाराला अर्ज लिहिण्याच्या वळणाचं. सादर विनंती की माझ्या सर्वरने माझी फाइल नष्ट केली असून कृपया योग्य ती कारवाई व्हावी.

अर्ध्या तासात चार उत्तरं. चारही एका ओळीची. कोड दाखवा.

मी दाखवला नाही. लिहिलं, कोडमध्ये काही दोष नाही, तो दोन महिने चालतोय. त्यावर हेदर नावाच्या न्यूझीलंडच्या एका बाईचं पत्र आलं. तिची पत्रं मी वाचायची, शाळेत गणित शिकवायची ती. माझी दुपार म्हणजे तिची झोपायची वेळ. तिने लिहिलं होतं, इथे कोणी तुझी परीक्षा घेत नाही. आम्ही सगळ्यांनी फाइली खाल्ल्या आहेत. फक्त आम्ही ते सर्वरवर ढकलत नाही.

ते वाचून माझे कान तापले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त.

रात्रभर मी रागावून राहिले आणि गुरुवारी सकाळी अख्खा प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, लिस्टवर टाकला. लाज वाटली म्हणजे किती वाटली? परक्या माणसांसमोर आपल्या फ्रीजमधलं सगळं बाहेर काढून मांडल्यासारखी. मागचं सुकलेलं लिंबू, परवाची वाटीभर उसळ, सगळं. मग हेही लिहिलं की एका मुलीचे कागद अडकले आहेत, सोमवारपर्यंत वेळ आहे.

आणि मग काय झालं ते मला कधी नीट सांगता आलं नाही. उत्तरं यायला लागली. रागवले, हो, रागवले. ते डोक्यावरचे दोन शब्द कुठे आहेत? फॉर्म हाताने का वाचलास, तयार माल असताना? पण प्रत्येक रागावण्याखाली दुरुस्त करून दिलेल्या चार ओळी होत्या. मी बघतेय तोवर जगातल्या कोणत्या कोणत्या गावांतली माणसं माझ्या सुकलेल्या लिंबाचं सरबत करून देत होती.

फाइल का गेली ते हेदरने सांगितलं. तिच्या उपमेत सांगते. वहीत नवं नाव लिहायचं तर मी आधी सगळं पान पुसायची आणि मग जुनी नावं अधिक नवं नाव असं पुन्हा लिहून काढायची. वहीला कुलूप लावायची ते पुसून झाल्यावर. त्या मधल्या क्षणात दुसऱ्या कोणी वही उघडली, की त्याला कोरं पान दिसायचं, आणि तो बापडा कोऱ्या पानावर फक्त स्वतःचं नाव लिहून वही मिटायचा. दोन महिने दोघं एकदम आले नाहीत. निकालाच्या आठवड्यात आले. पनवेलच्या त्या माणसाचा काही दोष नव्हता. कुलूप आधी लावायचं, हात नंतर घालायचा, हे चोरालासुद्धा कळतं, बी.एस्सी. गणिताला कळलं नाही.

पण पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "तुझं नशीब चांगलं, तू आणखी एक चूक केली आहेस."

माझ्या फॉर्ममधला मजकूर पाठवायची पद्धत चुकीची होती. तो पाकिटात घालून पाठवायच्या ऐवजी मी पत्त्यावरच लिहून पाठवत होते, उघडा. असं करू नये, कोणीही वाचू शकतं. पण सर्वरच्या दारावर एक नोंदवही असते, कोण आलं, कोणत्या पत्त्यावर गेलं. म्हणजे दोन महिन्यांत ज्याने ज्याने फॉर्म भरला, त्याचं नावगाव त्या नोंदवहीत अख्खं पडलेलं असणार. आणि खाली एक ओळ. एकच. मुंग्यांची रांग. "ही सर्वरवर जशीच्या तशी टाइप कर. काय होतं ते आधी वाच, मग कर," आणि पुढे तिने मुंगीमुंगीचा अर्थ सांगितला होता, ही नोंदवही उघडते, ही तुझ्या फॉर्मच्या ओळी निवडते, ही अधिकच्या खुणा काढून जागा सोडते.

मी एकेक अक्षर टाइप केलं. हे बाजूला उभे, हातात ताकाचा पेला. एंटर मारलं.

इंग्रजी अक्षरांतलं कोकण पडद्यावर वर वर सरकायला लागलं. गुहागर, म्हसळा, राजापूर, चिपळूण, श्रीवर्धन. दोन महिन्यांची सगळी माणसं, त्यांचे किलो, त्यांच्या तारखा. आणि त्यांच्यात, गणपत सावंत, देवरूख, शुक्रवार, तीन किलो, माबेला, गॅरेजचा फोन.

स होता नावात.

नंबर घेऊन आम्ही दोघं खाली इब्राहिमभाईंकडे धावलो. फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. गुरुवारची दुपार, सगळे निजलेले. इब्राहिमभाईंनी पिशवी घेतली, पिकअप काढली. "यल्ला, चला," म्हणाले. आम्ही तिघं पुढच्या बाकड्यावर चेपून बसलो. तेव्हा माबेला म्हणजे वाळू, खांब आणि मधेच पत्र्याच्या शेडी. आज जिथे नातीचं पिझ्झाचं दुकान आहे त्याच बाजूला कुठेतरी ते गॅरेज होतं. रस्ता विचारत पोचलो तर गणपत सावंत छताच्या साखळीला बॅग टांगून वजन करत होता. इंजिनं उचलतात ना, त्या साखळीला.

"तीन किलो कधीच संपले, वहिनी," तो हात जोडून म्हणाला. "चौघांचं सामान घेतलंय. आता रुमालसुद्धा जायचा नाही."

"अरे बाबा, कागद आहेत. दोन कागद."

"घडी करून द्या मग, खिशात ठेवतो."

"घडी नाय करायची!" इब्राहिमभाई जवळजवळ ओरडले. दोन दिवसांतला त्यांचा पहिला मोठा आवाज. "ओरिजिनल हाय."

गणपत विचारात पडला. मग त्याने एअर फिल्टरच्या खोक्याचे दोन चौकोनी पुठ्ठे कापले, मार्कशीट आणि दाखला त्यांच्या मधे ठेवला, वरून टेप मारली, आणि शर्ट वर करून ते सगळं स्वतःच्या पाठीला लावून दाखवलं, वर बनियन. "असाच जाईन. मुंबईपर्यंत, आणि मुंबईहून एसटीने."

"वाकशील कसा रे?"

"नाही वाकणार."

शुक्रवारी तो विमानात ताठ बसून गेला, शनिवारी एसटीत ताठ बसून रत्नागिरीला उतरला, नाझनीनच्या मामाच्या दारात पाठ फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, काढून घ्या. सोमवारी दुपारी दुकानात फोन वाजला. इब्राहिमभाईंनी रिसीव्हर कानाला लावला, आणि मला तिचा आवाज गल्ल्याच्या अलीकडे ऐकू आला, इतकी ती ओरडत होती. "अब्बा, झालं! पण मार्कशीटला घामाचा वास येतोय!"

इब्राहिमभाई हसता हसता खाली बसले, तांदळाच्या पोत्यावर. आणि तिथेच, गिऱ्हाइकं उभी असताना, मी त्यांना सांगितलं. सर्वरने काही खाल्लं नव्हतं. मी खाल्लं. कुलूप उशिरा लावलं, पुठ्ठाही मीच उतरवायला लावला. कोड दाखवायची सवय लागली की बाकीचंही दाखवावंसं वाटतं, हे मला तेव्हा कळत होतं.

ते पोत्यावरून उठले. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. "त्या न्यूझीलंडच्या बाईला काय द्यायचा?"

"काही नाही."

"काहीच नाय? मग तिने केला कशाला?"

"मी विचारलं तिला. ती म्हणाली, पुढच्या अडलेल्याला तू उत्तर दे."

"ता तुमी द्याल. मी काय देऊ? मना तर तुमचा पर्ल येत नाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात गेले तर भिंतीवर नवा पुठ्ठा होता, पहिल्यापेक्षा मोठा. माझ्या छापील यादीसाठी त्याच्यावर एक खिळासुद्धा ठोकला होता. आणि सगळ्यांत वर, लाल पेनने, इब्राहिमभाईंच्या लपेटदार अक्षरात: न्यूझीलंडला कोण जात असेल तर सांगावे. दोन किलो मस्कती हलवा द्यायचा आहे.

लोक हसायचे. हमरियातून न्यूझीलंडला कोण जातं? एकजण सिडनीला चालला होता तर इब्राहिमभाईंनी त्याला थांबवून विचारलं, "तिथून पुढे एसटी हाय?" मी लिस्टवर नवख्यांना उत्तरं द्यायला लागले. आधी चुकीची, मग अर्धी बरोबर. मी चुकले की कोणीतरी हळूच खाली दुरुस्त करून ठेवायचं. ते दोन शब्द मी आता पहिल्यांदा लिहायची आणि भाषेचं ओरडणं ऐकून घ्यायची. सगळ्यांत गंमत म्हणजे मी गॉगल डोळ्यांवर घालायला लागले.

ती ओळ पुठ्ठ्यावर दीड वर्ष राहिली. पुठ्ठा बदलला की इब्राहिमभाई ती पुन्हा लिहायचे. मग एका हिवाळ्यात श्रीवर्धनचा एक तरुण दुकानात आला, मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, साबण घ्यायला आलेला. वर बघून म्हणाला, "चाचा, आमचं जहाज जातंय तिकडे. पण पोचायला महिना लागेल."

"हलवा तीन महिने टिकतो," इब्राहिमभाई म्हणाले, आणि दुकान तसंच उघडं टाकून मिठाईवाल्याकडे धावले. हेदरचा पत्ता मी तिच्या पत्रांखालच्या सहीतून उतरवून दिला.

महिना गेला, दुसरा निम्मा गेला. एका दुपारी लिस्टवर हेदरचं पत्र आलं, सगळ्यांना. माझ्या दारात आज एक खलाशी आला, त्याने माझ्या हातात तपकिरी रंगाचं काहीतरी चिकट, केशराचा वास येणारं दिलं आणि सांगितलं की हे ओमानमधून एका मुलीच्या मार्कशीटबद्दल आहे. हे खायचं असतं की याने काही चिकटवायचं असतं, कोणी सांगेल का? खाली सात जणांनी सात तऱ्हा सांगितल्या होत्या. आणि संध्याकाळी तिचं दुसरं पत्र, एका ओळीचं: चालवून पाहिलं, माझ्याकडे चाललं, शेजाऱ्यांकडेही चाललं, आता शिल्लक नाही.

मी ते छापून खाली नेलं आणि इब्राहिमभाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी हिशेब लावल्यासारखे डोळे बारीक केले.

"म्हणजे आवडला की नाय?"

"आवडला हो."

"मग थांबा," ते म्हणाले, आणि लाल पेन शोधायला लागले.